फॉरमॅटमामांनी दाबलेलं एंटर

माझ्या मामांना आख्खी गल्ली फॉरमॅटमामा म्हणते. नव्या माणसाला वाटतं, हे कॉम्प्युटरमधले कोणीतरी मोठे जाणकार असणार. प्रत्यक्षात मामांनी कॉम्प्युटरला हात लावायचा नाही असा त्यांच्या घरात नियम आहे, आणि तो मामींनी केलेला असल्यामुळे त्यावर अपील नाही. मामा कॉम्प्युटरच्या खोलीत चहा घेऊन गेले तर मामी आधी की-बोर्डवर फडकं टाकतात, मग कप हातात घेतात.

मामा मीटर वाचायचे. पाण्याचे. नोकरीतली सगळी वर्षं लोकांच्या जिन्याखाली नाहीतर न्हाणीघराच्या मागे वाकून काढली. मीटरची काच पुसायची, आकडा वाचायचा, पुन्हा वाचायचा, मगच टिपायचा. त्यातून अशी खोड लागली की समोर अक्षर आलं की ते संपवल्याशिवाय माणूस जागचा हलत नाही. औषधाच्या खोक्यातला घडी केलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय गोळी तोंडात जात नाही. तोवर ताप कंटाळून निघून जातो. लिफ्टमध्ये शिरले की किती माणसांना परवानगी आहे ते वाचतात आणि आतली डोकी मोजतात. मामी म्हणतात, "लग्नाच्या कागदावर सही करायला यांनी इतका वेळ लावला की माझ्या भावाला वाटलं, नवरा फिरला."

मामी बूट करतात. दुकानात मिळतात तसले नव्हेत. ज्यांचा एक पाय दुसऱ्याशी जुळत नाही, त्यांच्यासाठी. कोणाचा एक पाय आखूड असतो, कोणाचा अपघातात वाकलेला, कोणाची बोटंच गेलेली. घराच्या पुढच्या खोलीत मामी पाय मांडीवर घेऊन माप काढतात. मागच्या खोलीत कॉम्प्युटर आणि कोरायचं मशीन. माप कॉम्प्युटरमध्ये भरलं की मशीन लाकडाच्या ठोकळ्यातून हुबेहूब तो पाय कोरून काढतं. हा साचा. त्यावर चामडं चढवायचं आणि बूट शिवायचा. भिंतीवर असे लाकडी पाय ओळीने टांगलेले असतात. लहानपणी त्या खोलीत एकटी जायला माझी टरकायची.

मामांना ते नाव मिळाल्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, कारण मामी ती प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला माप घेता घेता सांगतात. जुना कॉम्प्युटर तेव्हा रेंगाळायला लागला होता. मशीन विकणाऱ्याने फोनवरून सल्ला दिला की सिस्टिम नव्याने टाका. कॉम्प्युटरच्या पोटात दोन कप्पे होते. एकाचं नाव काम, दुसऱ्याचं पाय. काममध्ये सिस्टिम होती. तो पुसून पुन्हा भरायचा. पायमध्ये सगळ्या गिऱ्हाइकांची मापं होती. त्याला बोट लावायचं नाही. मामींनी सीडी घातली आणि एका हातात फोन धरून, तो सांगेल तशी बटणं दाबत गेल्या. तेवढ्यात पुढची घंटी वाजली. लायब्ररीतल्या बाई बूट घालून बघायला आल्या होत्या. मामींनी फोन ठेवला, मामांना हाक मारली आणि म्हणाल्या, "इथे बसा. आता काही विचारलं तर फक्त एंटर दाबा."

त्या परत आल्या तेव्हा पाय नावाचा कप्पा रिकामा होता. एकही माप उरलं नव्हतं.

मग एकेका गिऱ्हाइकाला परत बोलावून, पुन्हा बूट-मोजे काढायला लावून सगळी मापं नव्याने घेतली. लोक चिडलेच असते, पण मामांकडे बघून हसायचे. लायब्ररीतल्या बाईंनी त्याच आठवड्यात त्यांचं बारसं केलं आणि फॉरमॅटमामा हे नाव चिकटलं ते चिकटलं. मामींचं त्यावरचं वाक्यही ठरलेलं आहे. "माझ्या हातून असं झालं असतं ना, तर त्याच दिवशी दाराला कुलूप लावलं असतं मी. पुन्हा कोणाचा पाय हातात घ्यायची हिंमत झाली नसती." मामा हे मान खाली घालून ऐकतात. बहुतेक वेळा हातात काहीतरी वाचायला असतं.

मी एका ऑफिसात कॉम्प्युटरच्या विभागात आहे, म्हणजे लोक फोन करून माझ्यावर ओरडतात आणि मी त्यांना बंद करून चालू करा असं सांगते. त्यामुळे मामींचा जुना कॉम्प्युटर एका सकाळी घरघर करून गप्प झाला तेव्हा पहिला फोन मला आला. मापं मी त्याच दुपारी हार्ड डिस्कमधून सुखरूप काढून घेतली. अडचण वेगळीच होती. कोरायच्या मशीनचा प्रोग्राम फक्त त्या जुनाट सिस्टिमवर चालायचा, आणि आणलेला नवा लॅपटॉप त्याच्याकडे ढुंकून बघायला तयार नव्हता.

"लॅपटॉपच्या आतच एक जुना कॉम्प्युटर उभा करते," मी म्हटलं.

"आत जागा आहे तेवढी?" मामींनी विचारलं.

"खरा नाही हो. लॅपटॉप नाटक करणार की आपल्या पोटात अजून एक कॉम्प्युटर आहे. त्या नाटकातल्या कॉम्प्युटरवर तुमची जुनी सिस्टिम टाकायची."

मामींनी सुया-दोऱ्याच्या डब्यातून फडक्यात गुंडाळलेली सीडी काढली. मग लॅपटॉप उचलून चारी बाजूंनी फिरवला, उलटा करून पोटाखालीही पाहिलं. "याला तर तोंडच नाही," त्या म्हणाल्या.

खरंच नव्हतं. हल्ली कशालाच नसतं. दाताच्या डॉक्टरांनी आपला सीडी ड्राइव्ह भंगारात दिला होता. संगीताच्या मास्तरांकडे होता, पण त्याचा कप्पा एकदा उघडला की मिटत नव्हता आणि ते त्यात चष्मा ठेवायचे. शेवटी फोटो स्टुडिओवाल्याकडे सापडला, डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली. त्याने तो उपसला, झटकला, सीडी आत सरकवली आणि तिची जशीच्या तशी फाईल करून पेनड्राइव्हवर दिली. टेबल मात्र तेवढा वेळ मला धरून उभं राहावं लागलं.

"आख्खी सीडी यात आली?" मामी पेनड्राइव्हकडे बघत म्हणाल्या. "मग ही ताटली?"

"ठेवा परत डब्यात. आता तिचं काम नाही."

लॅपटॉपच्या नाटकात काय काय हवं ते निवडायचं असतं. एवढी मेमरी, एवढी हार्ड डिस्क, एक सीडी ड्राइव्ह. मी ड्राइव्ह जोडला आणि त्याला ती फाईल दाखवली, म्हणजे त्याने तिलाच सीडी समजावं. मामी खांद्यावरून बघत होत्या.

"थांब. म्हणजे नसलेल्या कॉम्प्युटरला नसलेला ड्राइव्ह, आणि त्यात नसलेली सीडी?"

"बरोबर."

"आणि साचा कशाचा निघणार? नसलेल्या लाकडाचा?"

पहिल्या खेपेला त्यांचंच खरं होणार असं दिसत होतं. काळा पडदा आला आणि सुरू व्हायला काही सापडत नाही म्हणाला. बराच वेळ डोकं खाजवल्यावर दिसलं की ड्राइव्हमध्ये सीडी आहे, पण ड्राइव्ह जोडलेला आहे या चौकोनात खूण करायची राहिलीय. खूण केली, पुन्हा सुरू केला, आणि निळा पडदा आला. पांढऱ्या अक्षरांत आत कोणते कप्पे आहेत त्याची विचारणा. मामी एक पाऊल मागे सरकल्या. चेहरा उतरला होता.

"हाच तो," त्या म्हणाल्या. "मला नाही बघवत. तू कर काय ते." आणि पुढच्या खोलीत निघून गेल्या.

मी केलं. काम नावाचा कप्पा केला, पाय नावाचा केला, सिस्टिम टाकली, प्रोग्राम टाकला, मापं भरली, मशीनची वायर जोडली. मग मामींना बोलावलं आणि लायब्ररीतल्या बाईंचा डावा पाय कोरायला लावला. मशीन घुमायला लागलं. भुसा उडाला. बाहेर आलेला साचा मामींनी हातात घेतला, टाचेवरून अंगठा फिरवला, चवड्याजवळचा उंचवटा चाचपला आणि मटकन स्टुलावर बसल्या. "खोट्या कॉम्प्युटरने खरा पाय काढला," त्या म्हणाल्या. कितीतरी वेळ तो साचा मांडीवर घेऊन तशाच बसून होत्या. मला तेव्हा वाटलं, या घरात यापेक्षा मोठा धक्का बसायचा नाही. मला काय कल्पना.

मामा सगळा वेळ दाराच्या चौकटीत उभे होते. की-बोर्ड उघडा असल्यामुळे उंबऱ्याबाहेर. मान लांब करून पडद्यावरची अक्षरं वाचत होते. ते बघून मी ठरवलं की हा शिक्का आता पुसायचा. या माणसाच्या हातून, मामींच्या देखत, सिस्टिम टाकून घ्यायची आणि त्या फडक्याला रजा द्यायची.

संधी पुढच्या आठवड्यात आली. लायब्ररीतल्या बाई नवे बूट घालून बघायला आल्या होत्या. मामी पुढच्या खोलीत त्यांचा पाय घेऊन बसल्या होत्या. मध्ये फक्त दाराचा पडदा. मी मागच्या खोलीत मामांना हाक मारली.

"या, बसा इथे."

"नको."

"अहो, ही नक्कल आहे. आख्ख्या कॉम्प्युटरची मी नक्कल केलीय. नकलेत काहीही करा, पुसा, जाळा, मी एका क्लिकवर होतं तसं करते. खरा बाजूला सुरक्षित आहे. आधी इथे सराव करा, मग मामींना दाखवू."

"कशाला उगाच. चाललंय ते बरं चाललंय."

मला वाटलं, घाबरलेत. दंडाला धरून खुर्चीत बसवलं. त्यांनी हात मांडीवर ठेवले, डॉक्टरांसमोर बसतात तसे. मी नकलेला पुन्हा ती सीडीची फाईल दाखवली आणि निळा पडदा आला. दोन ओळी. वर काम, खाली पाय. पांढरी पट्टी वरच्या ओळीवर.

"दाबा एंटर."

"वाचू दे," मामा म्हणाले. ओठ हलवत त्यांनी वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं. मला हसू आलं. मग त्यांनी एका बोटाने, मीटरची काच पुसावी तितक्या हलक्या हाताने, एंटर दाबलं. पडद्याने विचारलं, हा कप्पा पुसू की आहे तसा राहू दे? पट्टी आपोआप 'आहे तसा राहू दे' वर होती. पुन्हा एंटर. मग ते आपलं आपण चालू झालं.

मी उघडून पाहिलं. पाय जागच्या जागी. सगळी मापं शाबूत.

काहीतरी चुकलं असेल म्हणून मी नक्कल मागे नेली आणि पुन्हा त्यांना एंटर दाबायला लावलं. पाय शाबूत. मग त्यांना सरकवून मी स्वतः बसले आणि जिथे जिथे विचारलं तिथे नुसतं एंटर दाबत गेले. पाय शाबूत. मी नक्कल परत त्या निळ्या पडद्यावर आणून ठेवली. इतकी वर्षं मी हे काम करते, आणि ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. एंटर दाबून तो कप्पा पुसला जातच नाही. पुसायचा असेल तर बाण दाबून पट्टी पायवर आणावी लागते, मग डी दाबावं लागतं, मग ते पुन्हा एकदा खात्री करून घेतं आणि एल मागतं. आणि मामांनी फक्त एंटर दाबलं होतं. मामी स्वतःच तसं सांगतात.

"मामा," मी म्हटलं. "त्या दिवशी तुम्ही दुसरं काही दाबलं होतं?"

मामा की-बोर्डवरची अक्षरं वाचायला लागले.

"तुम्ही खुर्चीत बसलात तेव्हा पडद्यावर काय लिहिलेलं होतं? तुम्ही वाचलंच असणार. तुम्ही बिस्किटाचा पुडासुद्धा सोडत नाही."

मामांनी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. पलीकडे बाई काहीतरी बोलल्या आणि मामी हसल्या.

"वर काम होतं," मामा हळू आवाजात म्हणाले. "खाली लिहिलं होतं, रिकामी जागा. पट्टी त्याच्यावर होती."

मामांनी बोट लावायच्या आधीच पाय गेलेले होते. एका हातात फोन, बोटांना चामड्याचा गोंद, आणि पट्टी एक ओळ खाली. डी आणि एल मामींनी दाबलं होतं. काम पुसतोय असं समजून त्यांनी पाय पुसले आणि घंटी वाजली म्हणून निघून गेल्या.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. "आणि तरी तुम्ही एंटर दाबलंत?"

"तिने सांगितलं होतं ना दाबा म्हणून."

"मामा, आख्खी गल्ली तुम्हाला हसते. मीसुद्धा हसते."

"हसू दे की. त्यात काय जातं?" त्यांनी दाराच्या पडद्याकडे एक नजर टाकली आणि आवाज आणखी खाली आणला. "तू बघितलंयस का, लोक तिला पाय कसा देतात? बूट काढतात, मोजा काढतात आणि मग थांबतात. तो पाय त्यांनी घरच्यांनाही नीट दाखवलेला नसतो. आणि मग तिच्या मांडीवर ठेवतात. ती परत आली, कॉम्प्युटरकडे बघितलं, आणि मला म्हणाली, अहो, काय केलंत हे? माझ्या हातून झालं असतं तर मी कुलूप लावलं असतं. तेव्हाच म्हणाली. मी तोंड उघडायच्या आत. मग मी काय सांगणार होतो? आणि ती नुसतं बोलत नाही. खरंच लावलं असतं."

ते वाक्य मी शंभरदा ऐकलंय. जेवताना, लग्नाकार्यात, पाहुण्यांसमोर. दरवेळी मला वाटायचं, काय ही बाई बिचाऱ्याला टोचते. आणि दरवेळी ते वाक्य ऐकून या माणसाने पुन्हा एकदा तेच ठरवलेलं असायचं.

"मी सांगते मामींना," मी उठले. मला रडू येत होतं आणि राग येत होता, आणि राग नक्की कोणाचा ते कळत नव्हतं. "त्यांच्यावर आता काय बेतणार आहे? वय झालं, नाव झालं. त्यांना कळायला पाहिजे."

"बस खाली."

मामा माझ्याशी या आवाजात कधी बोलले नव्हते. मी बसले.

पलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज झाला. "काय कुजबुज चाललीय गं आत?" मामींची हाक आली आणि पाठोपाठ पावलं. माझ्यासमोर नक्कल तशीच होती, निळा पडदा, दोन ओळी, काम आणि पाय. मामींनी एक नजर टाकली असती तर मी सगळं सांगून टाकलं असतं. मला सांगायचंच होतं.

मामांचा हात माझ्या पुढून गेला. खाली बाण. डी. एल. एकदाही न चाचपडता, मी रोज दाबते तितक्या सहज. पायची ओळ गेली आणि तिथे रिकामी जागा आली. मी त्या बोटांकडे बघतच राहिले. ज्या माणसापासून आम्ही की-बोर्ड फडक्याने झाकून ठेवायचो, त्याला कोणती बटणं दाबली गेली होती ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

दाराचा पडदा सरकला. मामी दारात, हातात लायब्ररीतल्या बाईंचा बूट.

"कोणी बसवलं यांना तिथे?"

मामांनी मान खाली घातली. तो चेहरा मी लहानपणापासून बघत आलेय. "एंटर दाबलं गं," ते म्हणाले. "पुसलं गेलं परत."

मामींचा हात छातीशी गेला. रंग उडाला. मी घाईघाईने म्हटलं, "नक्कल आहे मामी. खरी मापं जागेवर आहेत. काही गेलेलं नाही."

मामींनी श्वास सोडला. मग बूट हलवत मागे वळून ओरडल्या, "ऐकलंत का बाई, यांनी परत पुसलं."

पलीकडून बाईंचं खळखळून हसणं आलं. "फॉरमॅटमामा, सवय जात नाही हो तुमची."

"तुला बजावलं होतं ना, यांना बसवू नकोस म्हणून," मामी मला म्हणाल्या. फडकं उचललं, की-बोर्डवर टाकलं, चारी बाजूंनी नीट केलं. "माझ्या हातून असं झालं असतं ना..."

"कुलूप लावलं असतंस," मामा म्हणाले.

"लावलंच असतं. थट्टा वाटते?" आणि त्या बाईंचा पाय बघायला परत गेल्या.

मी नक्कल मागे नेली. पायची ओळ परत आली. मामा उठून उंबऱ्याबाहेर, आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले.

परवा जेवायला गेले होते तेव्हा मामी वाढता वाढता म्हणाल्या, "हल्ली तू यांना नुसतं मामा म्हणतेस. फॉरमॅटमामा का म्हणत नाहीस? भांडलात की काय?"

"जुना झाला तो विनोद," मी ताटाकडे बघत म्हटलं.

मामा खिडकीपाशी गोंदाच्या नव्या डब्यावरची सूचना वाचत होते. त्यांनी बोट ओळीवर तसंच ठेवलं आणि मान न उचलता म्हणाले, "म्हण की. मला आवडतं ते नाव."